वेल्ड शाबूत राहिला, मग तुकडा शेजारी का तुटला?

या वेळी अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रिक्शन स्टर वेल्डिंगवर बरेच प्रश्न आलेत, बॅटरी ट्रे आणि कूलिंग प्लेटची कामं वाढली म्हणून असेल कदाचित. या पद्धतीत फिरणाऱ्या टूलची पिन धातूत घुसते, टूलचा रुंद शोल्डर वर टेकतो आणि धातू न वितळता मळून जोडला जातो. पाच प्रश्न निवडलेत. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय पण ते नीट वाचा, पुढच्या उत्तरांना त्याचाच आधार आहे.

प्रश्न : मॅडम नमस्कार. भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. एका जुन्या पण दणकट मिलिंग मशीनवर आम्ही फ्रिक्शन स्टर चालू केलं. ६०६१-टी६ ची (टी६ म्हणजे हीट ट्रीटमेंटने कडक केलेली) ६ एमएम प्लेट, टूल एच१३ स्टीलचं, शोल्डर १८ एमएम, १००० आरपीएम आणि फीड मिनिटाला ८० एमएम. वेल्ड वरून एकदम क्लीन येतोय. लॅबमध्ये तुकडा दिला तर रिपोर्ट आला की वेल्डच्या मधले ग्रेन (धातूचे बारीक स्फटिक) ५ मायक्रॉनच्या आसपास आहेत, प्लेटच्या ग्रेनपेक्षा कितीतरी बारीक. मग टेन्साइल (ताणून तोडायची टेस्ट) केली तर २०८ एमपीएला तुटला, आणि तोही वेल्डमध्ये नाही, मध्यापासून ९ एमएम बाजूला, जिथे पिन पोचलीच नव्हती. कस्टमर म्हणतो प्लेटच खराब आहे. ग्रेन बारीक म्हणजे ताकद जास्त असंच आम्ही आयटीआयपासून ऐकत आलोय, मग हे काय झालं?

उत्तर : दादा, प्लेट खराब नाहीये. टी६ मधला ६०६१ फ्रिक्शन स्टर केल्यावर साधारण असाच तुटतो आणि तिथेच तुटतो. २०८ हा आकडाही वाईट नाही, मिग किंवा आर्गनने मारलेल्या ६०६१ च्या जोडाला अमेरिकन वेल्डिंग कोडमध्ये किमान १६५ एमपीए मागतात, त्याच्या तुम्ही बऱ्यापैकी वर आहात. पण ३१० ची प्लेट घेऊन हातात २०८ आले की शंभर एमपीए गेले कुठे असं वाटणारच, आणि ते ग्रेनमध्ये शोधत बसलात तर सापडणार नाहीत.

एक साधा हिशोब बघा. हाच ६०६१ पूर्ण अ‍ॅनील करून मऊ केला, म्हणजे ओ टेम्परमध्ये नेला, तर त्याची यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो, ५५ एमपीएच्या आसपास असते. टी६ मध्ये तीच २७५. मॅग्नेशियम तेवढंच, सिलिकॉन तेवढंच, रासायनिक रिपोर्ट शेजारी ठेवले तर कुठला कशाचा ते ओळखता येणार नाही. आता ग्रेनकडे या. अ‍ॅल्युमिनियममध्ये ग्रेन १०० मायक्रॉनवरून ५ मायक्रॉनवर आणला तर यील्डमध्ये २०-३० एमपीएची भर पडते, त्याहून फार नाही. स्टीलमध्ये ग्रेन बारीक करण्याचा फायदा खूप मोठा असतो आणि आपल्याकडे शिकवताना उदाहरणं बहुतेक स्टीलचीच देतात, म्हणून तो नियम डोक्यात घट्ट बसलेला असतो. नियम चुकीचा नाही, पण ६०६१ मध्ये त्याचा वाटा छोटा आहे.

मग ५५ चे २७५ करतं कोण? तर मॅग्नेशियम आणि सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म सुया. टी६ करताना आपण धातू ५३० अंशांच्या आसपास तापवतो तेव्हा मॅग्नेशियम-सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियमच्या आत विरघळतं, मग पाण्यात क्वेंच करून ते तसंच अडकवून टाकतो, आणि नंतर १७५ अंशांना आठ-एक तास ठेवतो (हे एजिंग) तेव्हा त्यातून या सुया बाहेर पडतात. जाडी फक्त तीन-चार नॅनोमीटर, म्हणजे तुमच्या ५ मायक्रॉनच्या ग्रेनच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी, साध्या मायक्रोस्कोपखाली त्या कधीच दिसत नाहीत, त्यासाठी ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. धातू वाकतो किंवा ताणला जातो तेव्हा त्याच्या आत डिसलोकेशन, म्हणजे स्फटिकाच्या रचनेतले रेषेसारखे दोष, सरकत असतात आणि या दाट सुया त्यांना पावलापावलावर अडवतात. तुमच्या प्लेटची ताकद ती हीच. लॅबने जो फोटो काढला त्यात ही ताकद दिसतच नाही, त्यात फक्त ग्रेन दिसतात.

आता टूल फिरायला लागल्यावर काय होतं ते. फ्रिक्शन स्टरमध्ये धातू वितळत नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ६०६१ त्याच्या आधीच, ५८० च्या पुढे वितळायला लागतं, आणि पिनच्या आजूबाजूला तापमान साधारण ४५० ते ५०० पर्यंत जातं. म्हणजे धातू घट्ट मळलेल्या कणकेसारखा मऊ होतो, पण घनच राहतो. पिनजवळ तो इतक्या जोरात आणि इतक्या वेगाने मळला जातो की रोलिंगमधून आलेले लांबट चपटे ग्रेन मोडतात, त्यांच्या आत छोट्या छोट्या भिंती तयार होतात, त्या भिंतींचा कोन वाढत जातो आणि शेवटी प्रत्येक तुकडा स्वतंत्र ग्रेन होऊन बसतो. याला डायनॅमिक रिक्रिस्टलायझेशन म्हणतात, म्हणजे मळणं चालू असतानाच नवे ग्रेन तयार होणं. लॅबने जे ५ मायक्रॉन मोजले ते हे. या मधल्या भागाला नगेट किंवा स्टर झोन म्हणतात.

नगेटमध्ये तापमान इतकं वर गेलेलं असतं की सुया पुन्हा विरघळून जातात. टूल पुढे गेलं की तो भाग बऱ्यापैकी पटकन थंड होतो, मॅग्नेशियम-सिलिकॉन विरघळलेल्याच अवस्थेत अडकतं, आणि पुढच्या काही दिवसांत रूम टेम्परेचरलाच थोडं थोडं नॅचरल एजिंग होऊन नगेट जरा सावरतो. पण त्याच्या बाहेर, शोल्डरच्या कडेपाशी, जिथे तापमान ३५०-४०० च्या घरात पोचलं, तिथे सुया पूर्ण विरघळतही नाहीत आणि बारीकही राहत नाहीत. त्या जाड होतात, एकमेकींचं मटेरियल खाऊन मोठ्या होतात आणि लांब लांब पसरतात. तूप पूर्ण पातळ करून झटकन गार केलं तर मऊसूत थिजतं आणि नुसतं कोमट होऊन सावकाश थिजलं तर रवाळ होतं, थोडाफार तसाच प्रकार. तुपात आपल्याला रवा आवडतो, इथे मात्र रवा झाला की डिसलोकेशनना मधून जायला मोकळी वाट मिळते. हा भाग म्हणजे हीट अफेक्टेड झोन, आणि तुमचा तुकडा तुटला तो इथेच. मध्यापासून ९ एमएम म्हणजे १८ एमएम शोल्डरची बरोबर कड.

मी लॅबला नवीन होते तेव्हा असाच एक तुकडा माझ्याकडे आला होता, ६०६१ चाच. पॉलिश करून विकर्सखाली, म्हणजे हिऱ्याच्या टोकाचा ठसा मारून हार्डनेस मोजायच्या मशीनखाली ठेवला आणि एका टोकापासून दर एक एमएमला एक किलोचा ठसा मारत गेले. सुरुवातीला प्रत्येक चौकटीचा कर्ण १३० मायक्रॉनच्या आसपास येत होता, म्हणजे हार्डनेस १०७-१०८. एकसारखे ठसे, कंटाळवाणं काम. मग शोल्डरच्या कडेजवळ आल्यावर चौकटी आयपीसमधून बघतानाच मोठ्या दिसायला लागल्या, १५०, १६०, १७०, आणि तिथे धातू मात्र दिसायला अगदी प्लेटसारखाच, तेच लांबट ग्रेन, काहीच बदल नाही. हार्डनेस ६२. पुढे नगेटमध्ये शिरल्यावर ग्रेन पूर्ण बदलले आणि चौकट पुन्हा थोडी लहान झाली, ७२-७३. पलीकडे परत तोच खड्डा, मग परत प्लेट. ग्राफ काढला की इंग्रजी डब्ल्यू अक्षर तयार होतं. जिथे डोळ्याला सगळं बदललेलं दिसतं तो भाग जरा बरा आणि जिथे काहीच बदललेलं दिसत नाही तोच सगळ्यात मऊ, हे तेव्हा स्वतःच्या हाताने मोजलं म्हणून आजपर्यंत डोक्यात पक्कं आहे. तुमच्या लॅबकडून फक्त ग्रेनचा फोटो घेऊ नका, असा हार्डनेस ट्रॅव्हर्स मागा, खर्च फार नसतो आणि तोच ग्राफ कस्टमरसमोर ठेवा.

करता येण्यासारखं म्हणाल तर उष्णता कमी वेळ द्या. फीड ८० वरून १५०-२०० पर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवून बघा, आरपीएम थोडे कमी करा, खाली बॅकिंग प्लेट जाड आणि चांगली घासून बसलेली ठेवा म्हणजे उष्णता खाली ओढली जाईल. सुयांना जाड व्हायला जेवढा कमी वेळ मिळेल तेवढा तो खड्डा अरुंद आणि उथळ होतो. पण एका मर्यादेपुढे धातू नीट मऊ होत नाही आणि वेल्डच्या पोटात, बहुतेक वेळा अ‍ॅडव्हान्सिंग बाजूला, लांब पोकळ बोगदा राहतो, वरून वेल्ड छान दिसतो आणि आत भोक. त्यामुळे प्रत्येक नव्या सेटिंगला एक तुकडा आडवा कापून बघितल्याशिवाय जॉब लावू नका. आणि डिझाइन तुमच्या हातात असेल तर जोडाच्या दोन्ही कडा जाड ठेवा किंवा जोड कमी लोडच्या जागी न्या.

प्रश्न : मी सांगलीला डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी हाच विषय घेतलाय. वेल्डच्या फोटोत कांद्यासारख्या रिंगा दिसतात त्या का येतात? आणि वेल्डच्या दोन बाजू सारख्या का नसतात?

उत्तर : बाळा, विषय छान घेतलायस. आधी बाजूंचं बघ. टूल गोल फिरतं आणि पुढेही सरकतं, त्यामुळे एका बाजूला पिनचा पृष्ठभाग टूलच्याच दिशेने चाललेला असतो, ती अ‍ॅडव्हान्सिंग बाजू, आणि दुसऱ्या बाजूला उलट्या दिशेने, ती रिट्रीटिंग. धातू मुख्यतः रिट्रीटिंग बाजूने पिनला वळसा घालून मागे जाऊन बसतो. म्हणून अ‍ॅडव्हान्सिंग बाजूला नवा मळलेला नगेट आणि जुना धातू यांची हद्द सुरीने कापल्यासारखी स्पष्ट दिसते आणि रिट्रीटिंगला ती पुसट होत जाते. नगेटला लागून एक अरुंद पट्टा असतो, तिथे लांबट ग्रेन वाकलेले, वर किंवा खाली ओढलेले दिसतात पण नवे ग्रेन पूर्ण झालेले नसतात. तो थर्मो-मेकॅनिकली अफेक्टेड झोन. नुसत्या उष्णतेने होणाऱ्या साध्या वेल्डिंगमध्ये हा पट्टा नसतो, म्हणून सेमिनारमध्ये त्याचा फोटो नक्की दाखव.

रिंगांसाठी वेल्ड वरच्या पृष्ठभागाला समांतर कापलेला फोटो शोध. त्यात अर्धगोल कमानी एकामागे एक दिसतात आणि दोन कमानींमधलं अंतर म्हणजे एका फेऱ्यात टूल जेवढं पुढे गेलं तेवढं. भोसरीच्या वाचकांचेच आकडे घे, मिनिटाला ८० एमएम आणि १००० फेरे, म्हणजे फेऱ्याला ०.०८ एमएम. प्रत्येक फेऱ्याला धातूचा एक पातळ पापुद्रा मागे जाऊन बसतो आणि पापुद्र्यागणिक कणांचं प्रमाण किंवा ग्रेनची दिशा थोडी थोडी बदलते, म्हणून एच (रसायनाने पृष्ठभाग कोरणं, इंग्रजीत etch) केल्यावर फिकट-गडद दिसतं. तेच आडव्या छेदात कांद्यासारखं दिसतं.

इतिहासाची एक स्लाइड हवी असेल तर ही पद्धत इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली आणि डिसेंबर १९९१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. सुरुवातीच्या व्यावसायिक कामांमध्ये स्कँडिनेव्हियातल्या मासेमारी बोटींवरचे मासे गोठवायचे पॅनेल होते. १९९९ मध्ये असे वेल्ड असलेलं डेल्टा-२ रॉकेट उडालं. नासाच्या आताच्या एसएलएस रॉकेटच्या मोठ्या टाक्याही न्यू ऑर्लिन्समधल्या मिशूड कारखान्यात २२१९ अ‍ॅल्युमिनियमपासून याच पद्धतीने जोडतात.

प्रश्न : नाशिकहून लिहितोय. ६०६१ चे वेल्ड केलेले जॉब आम्ही परत पूर्ण टी६ ला टाकले, म्हणजे ५३० ला सोक, क्वेंच आणि एजिंग. हार्डनेस सगळीकडे छान आली पण बेंड टेस्टला वेल्डच्या मधोमध क्रॅक गेला. पॉलिश केल्यावर तिथले ग्रेन नुसत्या डोळ्यांनी दिसतायत. वेल्ड चुकला का हीट ट्रीटमेंट?

उत्तर : दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील, एकत्र केल्यावर हे होतं. ५ मायक्रॉनचे ग्रेन म्हणजे प्रत्येक घन मिलिमीटरमध्ये प्रचंड बाउंड्री, आणि प्रत्येक बाउंड्रीत ऊर्जा साठलेली असते. एरवी बारीक कण या बाउंड्रींना जागच्या जागी धरून ठेवतात. ५३० ला गेल्यावर त्यातले बरेचसे कण विरघळतात, मग जिथे पकड आधी सुटते तिथले थोडेसेच ग्रेन सुसाट वाढत जातात आणि शेजारच्या शेकडो ग्रेनना गिळतात. याला अ‍ॅबनॉर्मल ग्रेन ग्रोथ म्हणतात, मिलिमीटरच्या मापाचे ग्रेन होतात. तुमची हार्डनेस छान आली कारण सुया सगळीकडे परत आल्या, पण हार्डनेस टेस्टला हे मोठे ग्रेन कळत नाहीत, बेंड टेस्टला कळतात. बेंड टेस्ट केलीत हे फार चांगलं केलंत, पुष्कळ जण हार्डनेस बघूनच जॉब पाठवून देतात.

नुसतं एजिंग केलं, म्हणजे वेल्डनंतर सरळ १७५ ला टाकलं, तर नगेट छान वर येतो कारण तिथे मॅग्नेशियम-सिलिकॉन विरघळलेलं शिल्लक असतं. हीट अफेक्टेड झोन मात्र फारसा हलत नाही, तिथलं मटेरियल आधीच जाड कणांमध्ये खर्च झालेलं असतं. माझ्या मते तुमच्या कामाला सगळ्यात बरा रस्ता म्हणजे प्लेट टी४ मध्ये (क्वेंच केलेली, पण भट्टीत एजिंग न केलेली) मागवा, टी४ मध्येच वेल्ड करा आणि मग पूर्ण जॉबला एकदाच एजिंग द्या. खड्डा पूर्ण भरत नाही पण उथळ होतो, आणि नगेटचे ग्रेन ५३० च्या भट्टीतून जात नाहीत.

प्रश्न : आम्ही गोव्यात बोटी बांधतो, ५०८३-एच११६ वापरतो. आमच्याही वेल्डच्या बाजूला असाच खड्डा पडेल का?

उत्तर : पडेल, पण कारण वेगळं. ५०८३ मध्ये या सुयांचा संबंधच नाही, तिथे ताकद येते विरघळलेल्या मॅग्नेशियममुळे आणि रोलिंगच्या वर्क हार्डनिंगमुळे. उष्णतेने मॅग्नेशियम जात नाही, वर्क हार्डनिंग जातं. म्हणजे जोडाजवळ प्लेट साधारण ओ टेम्परला येते, तुटायची ताकद किमान ३०५ च्या जागी २७५ एमपीए, हे काही फार नाही, पण यील्ड २१५ वरून १२५ च्या आसपास येते आणि बोटीच्या कवचाच्या (हलच्या) डिझाइनला खरा फरक तोच पाडतो. नगेटमधले बारीक ग्रेन इथे मदत करतात. आणि आणखी एक, जोड बटाला बट ठेवण्याआधी कडांचा ऑक्साइड नीट काढा, नाहीतर तो वेल्डच्या आत वाकड्यातिकड्या रेषेसारखा ओढला जातो, आणि ती रेष मुळाशी पोचली की तिथे जोड नुसता टेकलेला राहतो, अल्ट्रासॉनिकलाही सहज सापडत नाही.

प्रश्न : कराडला माझं छोटं जॉब शॉप आहे. लॅब लांब पडते. वेल्ड आतून कसा झालाय ते इथल्या इथे बघता येईल का? केलर्स एचंट (पृष्ठभाग कोरून आतली रचना दाखवणारं द्रावण) ऑनलाइन मागवू का?

उत्तर : केलर्स मागवू नका, अगदी कळकळीने सांगते. त्यात हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं, प्रमाण कमी असलं तरी ते कातडीतून आत जातं, सुरुवातीला फार दुखतही नाही आणि नंतर आतपर्यंत इजा करतं. फ्यूम हूड, योग्य ग्लोव्हज, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि ते कसं वापरायचं हे माहीत असलेला माणूस, हे सगळं असल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. शिवाय ६०६१ चे ग्रेन केलर्सने नीट उघडतही नाहीत, तुमच्या हाती फार काही लागणार नाही.

तुम्हाला ग्रेन बघायचेही नाहीयेत, वेल्डचा आकार आणि आतला बोगदा बघायचाय, आणि ते कॉस्टिकवर होतं. तुकडा आडवा कापा, एमरी पेपरवर ओला ठेवून २२० पासून १२०० पर्यंत या, प्रत्येक पेपरला तुकडा काटकोनात फिरवा आणि आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत घासा. गॉगल, रबरी ग्लोव्हज आणि उघडी हवा, हे झाल्याशिवाय सुरू करू नका, कारण हायड्रोजन निघतो, जवळ ठिणगी नको. थंड पाण्यात कॉस्टिक सोडा हळूहळू टाकत दहा टक्क्यांचं पाणी करा, पाणी कधीच सोड्यावर ओतू नका, मग ते ६० अंशांपर्यंत कोमट करून तुकडा चिमट्याने एक-दोन मिनिटं बुडवा. बुडबुडे येतील आणि तुकडा काळाकुट्ट होईल. भरपूर पाण्याने धुवा, मग पातळ नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये बुडवला की काळं झरझर उतरतं आणि खाली वेल्ड उमटलेला दिसतो, वर शोल्डरएवढा रुंद, खाली पिनएवढा अरुंद, एखाद्या वाटीसारखा, एका कडेला धारदार आणि दुसऱ्या कडेला धूसर. धारदार कडेच्या खालच्या अंगाला काळा ठिपका किंवा फट दिसली की तो बोगदा. वाटीचा तळ प्लेटच्या तळापर्यंत पोचला नसेल तर पिन आखूड पडली.

आणि हार्डनेस बाहेरून करून घेणार असाल तर लॅबला सांगा की तुकडा कोल्ड सेटिंग रेझिनमध्ये माउंट करा. बेकेलाइटचं गरम माउंट १५० अंशांच्या वर जातं आणि ताज्या वेल्डला तेवढ्यातही थोडं एजिंग होतं. वेल्ड कधी मारला ती तारीख तुकड्यावरच लिहून पाठवा, कारण ६०६१ काही दिवस हळूहळू वर येत राहतो आणि ७०७५ असेल तर कित्येक महिने, दुसऱ्या दिवशी घेतलेलं रीडिंग आणि पुढच्या महिन्यातलं रीडिंग शेजारी शेजारी ठेवून लॅबशी भांडायची वेळ येते.